तळाची पेटी

आमच्या घरमालकांसारखं हरणं तिगावपासून रामाकोन्यापर्यंत दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही, आणि जमेल असं मला वाटतही नाही. हरतात तर सगळेच. पण हरल्यावर माणूस थोडा तरी खाली बघतो, टेम्पोत मागं जाऊन बसतो, घरी पोचल्यावर भाजी कसली केलीय ते विचारत नाही. आमचे घरमालक पुढच्या सीटवर बसतात, येताना सौंसरच्या चौकात टेम्पो थांबवायला लावतात आणि सगळ्या संघाला आलूबोंडे खायला घालतात. दुकानवाल्यानं विचारलं, "काय झालं काकाजी मॅचचं?" तर घरमालक चटणीत बोंडा बुडवत म्हणतात, "मस्त झाली. हवा थोडी उलटी होती." हवा थोडी उलटी म्हणजे आम्ही सात गोल खाल्ले. हवा पडली होती म्हणजे पाच. रामाकोन्याला नुसतं "दव होतं" एवढंच म्हणाले, तो आकडा मी अजून माझ्या आईलासुद्धा सांगितलेला नाही.

मध्य प्रदेशातला आमचा पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तेव्हा "आता जिल्ह्याले आपली लीग पाह्यजे" असं म्हणणाऱ्या चार लोकांत आमचे घरमालक पहिले होते. पंधरा वर्षांखालच्या पोरांची ही लीग दिवाळीनंतर सुरू होते आणि होळीपाशी संपते. दर रविवारी एक सामना. यंदाचा मोसम आता निम्मा झाला. निम्म्या मोसमात आमच्या संघानं काय केलं असं कुणी विचारलं की मी टेम्पोचं बॉनेट उघडून इंजिन बघायला लागतो.

मी मूळचा इथला नव्हे. कोल्हापूरकडचा, आठवीत शाळा सुटलेला. संत्रा भरायला आलेल्या एका ट्रकवर क्लीनर म्हणून आलो आणि पांढुर्ण्याला तापानं आडवा झालो. ट्रकला वेळ नव्हता, तो गेला. मंडईच्या फाटकाशी पोत्यांवर पडलो होतो तेव्हा एक उंच, वाकलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला माणूस येऊन उभा राहिला आणि माल तपासावा तसा मला बघायला लागला. अंगठ्यानं दंड दाबला, डोळ्याखालची कातडी ओढली आणि म्हणाला, "माल चांगला हाय. वाहतुकीत मार बसला." रिकाम्या क्रेटांमध्ये घालून त्यांनी मला तिगावला आणलं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, ताकातल्या कण्या खाऊ घातल्या. ताप उतरल्यावर मी पिशवी उचलली तेव्हा घरमालकांनी विहिरीजवळच्या मोटरीच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि टेम्पो चालवता येतो का विचारलं. त्या खोलीत मी अजून आहे. भाडं किती, ते मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. ते म्हणाले, "बहार पाहून ठरवू." त्यानंतर बहार बरेच आले आणि गेले. भाडं ठरलं नाही म्हणून मला रात्रंदिवस धाकधूक असते, आणि ठरलं नाही म्हणूनच मी आहे, हेही मला कळतं.

मी कोल्हापूरचा, एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याबद्दल मनात पक्की धरली. माझं नाव ते घेत नाहीत. "ए कोल्हापूर" अशीच हाक. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल जन्मतः येतो अशी त्यांची समजूत. मी परोपरीनं सांगितलं की मी कोल्हापूर शहरातला नाही, लांब डोंगरातल्या खेड्यातला आहे, आणि फुटबॉलशी माझा संबंध म्हणजे शाळेत गोलाच्या मागं उभं राहून नाल्यात गेलेला बॉल आणून देणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग काकूंकडे वळून म्हणाले, "पाह्य, किती नम्र पोरगा हाय." त्या दिवसापासून मी संघाचा मास्तर झालो.

घरमालक स्वतः आयुष्यात एकदाही फुटबॉल खेळलेले नाहीत. त्यांचं या खेळाशी नातं जडलं ते एका मेलेल्या बागेपायी. घराच्या मागं दोन एकर संत्रा होता, त्यांच्या हातानं लावलेला. त्याला डिंक्या लागला. खोडातून डिंक वाहायला लागला आणि तीन वर्षांत झाडामागून झाड वाळलं. शेवटी ती सगळी काढून टाकावी लागली, पलीकडचा बगीचा तेवढा वाचला. त्यानंतर वर्षभर घरमालक त्या वावराकडे फिरकले नाहीत. घराची त्या बाजूची खिडकीसुद्धा लावून घेतली होती म्हणे. मग एका संध्याकाळी खिडकीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला. वस्तीतली पोरं मोकळ्या रानात बॉल खेळत होती. घरमालक काठी घेऊन त्यांना हाकलायला गेले. दिवेलागणीला परत आले तेव्हा हातात काठी नव्हती. ती त्यांनी गोलाचा खांब म्हणून तिकडे रोवून ठेवली होती. काकू हे सांगतात तेव्हा शेवटी एवढंच म्हणतात, "काठी गेली ते गेलीच. माणूस बी गेला."

आता एखाद्यानं संघ काढला तर तो कुणाकडून तरी खेळ शिकून घेईल. घरमालकांना त्याची गरज वाटली नाही. त्यांना संत्रा येत होता, आणि ज्याला संत्रा येतो त्याला जगातलं सगळं येतं अशी त्यांची धारणा आहे. संत्र्याच्या झाडाला फूल आणायचं असलं की हिवाळ्यात महिनाभर पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल झाली, झाड कासावीस झालं की मग पाणी सोडायचं, आणि झाड अंगभर फुलतं. यंदा दिवाळीपूर्वी त्यांनी पोरांना रांगेत उभं केलं आणि माझ्याकडून बॉल काढून घेतला.

"महिनाभर बॉल दाखवाचा नाही," ते म्हणाले. "पाणी नाही भेटलं का झाड घाबरते. त्याले वाटते आता आपण वाचत नाही. मंग जव्हा पाणी सुटते, तव्हा पाह्य कसं फुलते. पोट्ट्याईचं बी तसंच हाय."

मी भीत भीत म्हणालो, "पण काकाजी, बॉलशिवाय सराव कसा करायचा?"

"झाड काय सराव करते का?" ते म्हणाले.

बॉल काकूंच्या तुरीच्या कोठीत गेला. कोठीला झाकण, झाकणावर पाटा. पोरं रोज संध्याकाळी यायची, धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, पळायची आणि मग रिंगण करून हवेत लाथा मारायची. वस्तीतल्या बाया कापूस वेचून परत जाताना थांबून बघायच्या. एकीनं मला विचारलंसुद्धा, "कावो भाऊ, पोट्ट्याईले मुंग्या चावल्या का?" पोरांनी मग काकूंना लाडीगोडी सुरू केली. "आजी, तूर काढाची हाय का? आमी काढून देतो." काकूंना महिनाभरात जेवढी तूर कोठीतून काढून मिळाली तेवढी वर्षात लागत नाही. एकेक पोरगा कोठीत हात घालायचा, बॉलला नुसता स्पर्श करायचा आणि जाऊन दुसऱ्याला सांगायचा, "हाय अंदर."

पहिल्या सामन्याच्या दिवशी बॉल बाहेर आला. त्याला तुरीचा वास होता आणि शिवणीत दोन दाणे अडकलेले होते. शिट्टी वाजली आणि आमची अकराच्या अकरा पोरं, गोलकीपर धरून, तहानलेली गुरं हौदावर जावीत तशी बॉलवर तुटून पडली. मोहगावच्या एका पोरानं त्या गर्दीच्या पलीकडून अलगद बॉल बाहेर काढला आणि रिकाम्या गोलापर्यंत अक्षरशः चालत गेला. असं बऱ्याच वेळा झालं. मी कपाळाला हात लावून खाली बसलो होतो. घरमालक माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "बहार आला. थोडा एकाच फांदीले आला."

पोरांना कुठं उभं करायचं हेसुद्धा त्यांनी बागेवरूनच ठरवलं होतं. संत्र्याची पेटी भरताना वरच्या थराला लाल, चोपडा, एकसारखा माल लावतात, मध्ये मध्यम, आणि तळाला बारीक. व्यापारी पेटी उघडतो तेव्हा त्याला पहिल्यांदा वरचा थर दिसतो. तर पुढच्या फळीत त्यांनी उंच, गोरीगोमटी, केस नीट विंचरणारी पोरं उभी केली. त्यांचा म्होरक्या रोशन, ज्याच्या मिशा फुटू लागल्या आहेत आणि ज्याला त्याची जाणीव आहे. आणि तळाला, गोलात, उभा केला नयन. नयन संघातला सगळ्यात बुटका. तो गोलात उभा राहिला की लांबून गोल रिकामाच दिसतो. त्याची आई बौद्ध वस्तीतून आमच्याकडे संत्रा तोडायला येते. पहिल्या दोन सामन्यांनंतर ती मला म्हणाली, "भाऊ, त्याले घरी मी काही म्हणत नाही. झोपीत बी हात वर करून राहिला तो."

समोरचा संघ काही पेटी विकत घ्यायला येत नाही, हे मला बोलायचं होतं. रोज रात्री मी ते मनात जुळवायचो आणि सकाळी घरमालक "कोल्हापूर, चहा घे" म्हणाले की गिळून टाकायचो. ज्यानं आपल्याला पोत्यावरून उचललं त्याला तुमची पेटी चुकली असं सांगायला जीभ उचलत नाही. पुढची पोरं मात्र प्रत्येक सामन्यात पुढंच उभी राहिली, कारण बॉल त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नाही. सामना संपल्यावरही त्यांचा भांग जागेवर असायचा.

नियमांचं म्हणाल तर घरमालकांना सगळे नियम मान्य आहेत, फक्त ऑफसाइडचा नाही. रामाकोन्याला रेफ्रीनं हात वर केला तेव्हा ते थेट मैदानात गेले. रेफ्री छिंदवाड्याकडचा, हिंदीतून समजावून सांगायला लागला की खिलाडी आगे निकल गया था. घरमालकांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, कारण हा विषय त्यांच्या ओळखीचा होता. कोणाचा धुरा कुठं, कोण कोणाच्या हद्दीत किती पुढं गेला, यावर तर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आहे. ते म्हणाले, "बराबर हाय साहेब. मगर हे तुमचं काम नाही. हद्दीचं काम हाय, याले पटवारी लागते." पटवारी येईपर्यंत सामना थांबवावा अशी त्यांची रीतसर मागणी होती. रेफ्रीनं त्यांना मैदानाबाहेर काढलं. त्यानंतर उरलेला सामना त्यांनी आमच्या टेम्पोच्या टपावर उभं राहून बघितला आणि दर वेळी रेफ्रीनं हात वर केला की वरून फक्त हळहळून मान हलवली.

गुणतक्ता दर रविवारी संध्याकाळी फोनवर येतो. तो मला त्यांना वाचून दाखवावा लागतो. पोरांची शाळा हिंदीतली, त्यामुळं तक्ताही हिंदीतला. मी वरून वाचायला सुरुवात करतो, इतरांच्या नावांपाशी जरा जास्त रेंगाळतो, म्हणजे आमचं नाव उशिरा यावं. ते येतंच. एकदा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काकाजी, आपण अगदी खाली आहोत."

"कोणीतरी खाली पाह्यजे ना," ते म्हणाले. "ट्रकमध्ये पेट्या रचते तव्हा सगळ्यात मजबूत पेटी कुठी ठेवते? तळाले. बाकीच्या तिच्याच भरवशावर उभ्या राह्यते. आपण तळाची पेटी हावो. आपण निघालो तं हे सगळे धाडकन खाली येईन."

ते असं बोलतात तेव्हा क्षणभर खरंच वाटतं की सौंसर आणि मोहगावची पोरं आमच्या उपकारावर जिंकत आहेत. मग मी खोलीत जातो, अंथरुणावर पडतो, आणि तळाच्या पेटीत संत्र्याचं काय होतं ते आठवतं. टेम्पोतून तो माल मीच तर उतरवतो.

हे असं कितीही चाललं असतं आणि आम्ही हरत हरत म्हातारे झालो असतो. पण त्या दोन एकरांवर काकूंचाही जीव होता. काकू म्हणजे घरमालकांच्या अगदी उलट. कमी बोलणार, आणि बोललं की ते झालेलं असणार. बगीचा खरं तर त्याच चालवतात. डिसेंबरात एका दुपारी त्या जेवताना वाढता वाढता थांबल्या.

"दोन एकर काळी जमीन पोट्ट्याईच्या लाता खाऊन राहिली," त्या म्हणाल्या. "म्या काही म्हटलं नाही. तुमी खिडकी उघडली, मले तेवढ्यात बरं वाटलं. पण आता किती दिवस? आज कलम लावलं तं पाच-सहा वर्षांनं फळ दिसंन. तव्हा माह्या गुडघ्यानं मले झाडापर्यंत जाऊ दिलं पाह्यजे ना."

घरमालकांनी पोळीचा तुकडा वरणात बुडवला.

"होळीच्या आत एक मॅच जिंकून दाखवा," काकू म्हणाल्या. "एकच. मंग मी त्या वावराचं नाव घेत नाही. नाही जिंकले तं उन्हाळ्यात खड्डे, पावसाळ्यात कलमं."

"एक काय, दहा जिंकून दाखवतो," घरमालक म्हणाले. पण त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही. हरून आल्यावर तीन खाणारा माणूस.

काकूंचा भरवसा किती होता ते आठवड्याभरात कळलं. त्यांनी गडी लावून, दोरी धरून, अठरा फुटांवर अठरा फुटांवर खुट्या रोवून घेतल्या. प्रत्येक खुटी म्हणजे पुढं एक खड्डा आणि एक झाड. संध्याकाळी पोरं आली आणि मैदानाच्या कडेला नुसती उभी राहिली. गोलाच्या पुढ्यातसुद्धा खुट्या होत्या. नयननं एका खुटीला हात लावून बघितला, पक्की आहे का ते. मग घरमालकांना म्हणाला, "आबाजी, आता कुठी खेळाचं?"

घरमालकांना पहिल्यांदाच हवेबद्दल, दवाबद्दल काही सांगता आलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. कोल्हापूरचा माणूस म्हणून. मी माझ्या चपलांकडे बघत होतो. मैदान गेलं की संघ गेला, संघ गेला की मास्तर कशाला, आणि मोटरीच्या खोलीत खताची पोती चांगली राहतात, असा माझा हिशेब सुरू झाला होता. त्या रात्री आईचा फोन आला. ती दर रविवारी विचारते, "जिंकली का रे तुझी पोरं?" त्या दिवशी रविवार नव्हता. तिनं विचारलं, "काय झालंय?" मी म्हणालो, इथं थंडी फार आहे.

खुट्या रोवल्यापासून बॉल पुन्हा कोठीत पडून होता. जानेवारीत बगीच्याचा ताण तोडायची, म्हणजे पाणी सोडायची, वेळ आली. घरमालकांनी मोटर सुरू केली, दांडानं पाणी निघालं, आणि ते सरळ स्वयंपाकघरात जाऊन कोठीवरचा पाटा बाजूला करायला लागले. काकूंनी हटकलं नाही. फक्त म्हणाल्या, "खेळाचं तं खेळा. पण एक बी खुटी पडली तं बॉल कोठीत."

तेव्हापासून आमची पोरं खुट्यांमधून खेळायला शिकली. लांब बॉल मारायची सोय नव्हती. खुटीला लागला की संपलं. मग पायापाशी बॉल ठेवून, अंग चोरून, दोन खुट्यांमधून, तिसरीला वळसा घालून, चौथीच्या अलीकडून. रोशनच्या लांब टांगांना ते जमेना. दोनदा खुटी पाडून त्यानं दोन दिवस बॉल कोठीत घालवला आणि पोरांचा मार खाल्ला. नयनला मात्र ते सहज यायला लागलं. गोलात त्याला सरावाला करण्यासारखं काही नव्हतंच, बॉल आत जाताना बघायचा तेवढा. तो आपला तासन्‌तास खुट्यांमधून भटकायचा. घरमालक त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "गोलकीपरले पाय चालवाचं काय काम? बारीक मालाची जागा तळाले." आणि आम्ही पुढचाही सामना हरलो. हवा उलटी होती.

निम्म्या मोसमाचा शेवटचा सामना आमच्या घरी होता. समोर सौंसर, तक्त्यात पहिलं. आदल्या संध्याकाळी घरमालक स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. डोक्याचा पंचा हातात.

"उद्याच्यापुरत्या खुट्या काढू का?"

काकू तांदूळ निवडत होत्या. "काढा. पण संध्याकाळी ज्याच्या त्या भोकात परत गेल्या पाह्यजे. तुमच्या हातानं."

"माह्याच हातानं," घरमालक म्हणाले.

रविवारी मैदान मोकळं झालं. आमचा बगीचा फुलला होता, वास थेट मध्यरेषेपर्यंत येत होता. सौंसरची पोरं बूट घालून आली होती. मध्यंतरापर्यंत तीन गोल झाले. पुढं आमचा वरचा थर उभा होता, भांग पाडून. नयन प्रत्येक गोलानंतर जाळीतून बॉल काढायचा, शर्टाला पुसायचा आणि मध्यापर्यंत स्वतः नेऊन द्यायचा, जणू काही त्यानंच तो हरवला होता. काकू धुऱ्यावर पाण्याची घागर घेऊन बसल्या होत्या. सामना बघायला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवून सगळं बघत होत्या. मध्यंतरात पोरं पाणी प्यायला आली तेव्हा त्यांनी घरमालकांना जवळ बोलावलं.

"तुमी पेटी लावली ना?"

"हो. काहून?"

"वरचा थर चांगला, तळाले बारीक. समोरचा काय वरूनच पाह्यते? हे तं पेटी उलटी करून पाहून राहिले. निम्मा सीझन झाला, सगळ्या गावाईनं तळचा माल पाहून घेतला." त्यांनी नयनच्या हातात पाण्याचा गडवा दिला. "मंग तुमीच उलटी काहून नाही करत?"

घरमालकांनी डोक्याचा पंचा सोडून पुन्हा गुंडाळला. पन्नास वर्षं पेट्या भरणाऱ्या माणसाला पेटी उलटी करायला सांगणं म्हणजे काय, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते रोशनकडे वळले. "रोशन, तू गोलात जा बे." रोशननं विचारलं, "मी? आबाजी, केसाईत माती जाईन." मग घरमालकांनी नयनच्या डोक्यावर हात ठेवून त्याला पुढच्या बाजूला ढकललं.

दुसऱ्या अर्ध्यात रोशननं एकही गोल जाऊ दिला नाही. लांब होता, आडवा पडला की गोल अर्धा भरायचा. पण आम्ही बॉल पुढं न्यायचा कसा हे विसरून गेलो होतो, आम्हाला सवयच नव्हती. शेवटी रोशननं लाथ मारली, बॉल उडत उडत नयनपाशी जाऊन पडला, आणि नयन निघाला. तो सरळ निघालाच नाही. मोकळ्या मैदानात, कुणी आडवं येण्याआधीच, तो उजवीकडे वळला, मग डावीकडे, अंग चोरून पुन्हा उजवीकडे. मला आधी कळेना की याला झालं काय. सौंसरच्या पोरांनाही कळेना. ती एका बाजूला जायची आणि हा भलतीकडेच वळसा घालायचा, जिथं काही नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. तो खुट्या चुकवत होता. सकाळीच उपटून ठेवलेल्या, मैदानात नसलेल्या, एकेक खुटीला वळसा घालून, एकही न पाडता तो गोलापर्यंत गेला आणि बॉल आत ढकलला.

आमच्याकडे गोल झाल्यावर काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. नयननं सवयीनं जाऊन जाळीतून बॉल काढला, शर्टाला पुसला आणि मध्यावर नेऊन ठेवला.

आम्ही हरलो. तीन-एक. सौंसरच्या मास्तरानं येऊन घरमालकांचा हात हातात घेतला आणि विचारलं, त्या बारक्याला हे शिकवलं कुणी? घरमालक माझ्याकडे बोट करतील म्हणून मी मागं सरकलो होतो. त्यांनी धुऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घरचंच हाय."

पोरं गेल्यावर खुट्या परत रोवायचं काम निघालं. ऊन कलतं झालं होतं. मी खुट्यांचा भारा धरला होता आणि घरमालक वाकून वाकून एकेक भोक शोधत होते, खुटी बसवत होते, दगडानं ठोकत होते. एकही चुकवली नाही. वाटलं असतं तर दोन-चार भोकं मातीनं बुजवता आली असती, पोरांच्या पायांनी तशीही बुजतच आली होती. मी तसं सुचवायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोल्हापूर," ते म्हणाले, "शब्द देला हाय." आणखी दोन खुट्या ठोकल्या. मग खाली बघतच म्हणाले, "एक फूल आलं ना पण."

"आलं काकाजी."

"निम्म्या सीझनात एक."

गोलापाशी पोचलो तेव्हा काकू रिकामी घागर घेऊन घराकडे निघाल्या होत्या. त्या थांबल्या. गोलाच्या पुढ्यातल्या भोकांकडे त्यांनी बघितलं, मग पलीकडे, फुललेल्या बागेकडे.

"इथल्या खुट्या नका रोवू," त्या म्हणाल्या. "इथची जमीन बरड हाय. इथी झाड धरत नाही."

घरमालक खाली बसले. त्यांनी मुठीत ढेकूळ घेतलं आणि चुरलं. त्या वावरातली सगळ्यात काळी, सगळ्यात मऊ माती तीच. तिथंच त्यांचं पहिलं झाड होतं, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. बोटांवरची माती त्यांनी धोतराला पुसली.

"हो," ते म्हणाले. "बरडच हाय."

काकू पुढं गेल्या. घरमालकांनी उरलेल्या खुट्या माझ्याकडून घेऊन काखेत धरल्या आणि त्यांच्या मागं, थोडं अंतर ठेवून, धुऱ्यावरून निघाले. आज ते हवेबद्दल काही बोलले नाहीत.

होळीपर्यंत अजून निम्मा मोसम आहे. खरं सांगायचं तर आम्ही तोही हरू. सौंसर, मोहगाव, रामाकोना, कुणीही आमच्यापेक्षा बरं खेळतं, आणि बगीच्यात एका फुलाला बहार म्हणत नाहीत. उन्हाळ्यात खड्डे होतील, पावसाळ्यात कलमं येतील. मग मोटरीच्या खोलीत कोण राहील ते मला माहीत नाही, आणि विचारायची माझी छाती नाही. पण त्या रात्री आईचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा आकडा सांगितला. ती म्हणाली, एक केला म्हणजे येतोय की खेळ. आणि मग पडल्या पडल्या मला दिसायला लागलं की झाडं कमरेएवढी झाली आहेत, रांगेत, अठरा फुटांवर, आणि संध्याकाळी कुणी एक बुटका पोरगा पायापाशी बॉल धरून त्यांच्यामधून वळसे घेत येतो आहे, एकाही फांदीला धक्का न लावता. शेवटी तेवढीच एक मोकळी जागा आहे, काळी, मऊ, बरड. तिच्यापलीकडे एक काठी रोवलेली आहे.